माझा अनुभव : विंडोज १० सोडताना पहिलं लिनक्स कसं निवडलं

माझा लॅपटॉप २०१६ चा, आय५ सहाव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, मधे एकदा हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली होती त्यामुळे अजून अगदी झकास चालतो. काम माझं मराठी प्रूफरीडिंग आणि थोडं भाषांतर, म्हणजे दिवसभर टायपिंगच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कळल्यावर अकरा टाकायला गेले तर चेकमधेच अडकलं. त्याला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. चांगलं चालणारं मशीन टाकून ५०-६० हजार घालायचे हे काही मनाला पटेना, म्हणून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, बघायचं ठरवलं.

आणि मग सुरू झाला खरा गोंधळ. लिनक्सचे बरेच प्रकार असतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात, आणि ज्याला विचारावं तो वेगळं नाव सांगतो. भाचा म्हणाला, "मावशी, तू फेडोराच घे, एकदम लेटेस्ट असतं." त्याच्या मित्राचं म्हणणं आर्च टाकलं की सगळं शिकून होतं. दुसरा एक म्हणे झोरिन घ्या, दिसायला विंडोजसारखं. मी आठवडाभर नुसते व्हिडिओ बघत बसले आणि शेवटी आणखीच कन्फ्यूज झाले, कारण सगळे दिसण्याबद्दल आणि स्पीडबद्दल बोलतात, आणि माझं काम यावर होईल का हे कोणीच सांगत नाही, कसं सांगणार, त्यांना माझं काम माहीतच नाही.

मग मी वही घेतली आणि रोजची कामं लिहून काढली. इन्स्क्रिप्टने (भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी) मराठी टायपिंग. वर्डच्या फाइली उघडून त्यात दुरुस्त्या दाखवून परत पाठवणं. प्रिंटर. वायफाय. व्हिडिओ कॉल. जे डिस्ट्रो ही पाच कामं करेल ते माझं, बाकी नाव काही का असेना.

इथे व्हेंटॉय फार कामाला आलं. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते एकदा टाकलं की पुढे फक्त डिस्ट्रोच्या आयएसओ फाइली (ज्यातून ते चालवता आणि इन्स्टॉल करता येतं) कॉपी करायच्या, लॅपटॉप त्यावरून चालू केला की मेनू येतो आणि हवं ते निवडता येतं. मी उबुंटू, फेडोरा आणि मिंट अशा तीन टाकल्या. सगळी लाइव्ह चालतात, म्हणजे काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालतं, त्यावरून स्पीड ठरवू नका. आणि बंद केलं की आत केलेलं सगळं जातं, मी पहिल्या दिवशी टाइप केलेली दोन पानं अशीच गेली.

वायफाय आणि प्रिंटर तिन्हीत चाललं, त्यावर वेळ गेला नाही. फेडोरा खरंच सुंदर आहे पण त्याचं नवीन व्हर्जन दर सहा महिन्यांनी आणि एका व्हर्जनचा सपोर्ट साधारण तेरा महिने, मला दरवर्षी अपग्रेडच्या मागे लागायचं नव्हतं. उबुंटूच्या एलटीएसला, म्हणजे जास्त काळ सपोर्ट असलेल्या व्हर्जनला, पाच वर्षं मिळतात, ते पटलं, पण मी एका वेळी चार-पाच फाइली उघडून बसते आणि त्या सगळ्या डावीकडच्या एकाच आयकॉनखाली जातात, मूळ प्रत कुठली आणि दुरुस्तीची कुठली हे शोधण्यातच जीव जायला लागला. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमधे पट्टी खाली, मेनू डाव्या कोपऱ्यात, आणि पट्टीवर राइट क्लिक करून ॲपलेटमधून (पट्टीवर बसवायच्या छोट्या सोयी) विंडो लिस्ट घेतली की प्रत्येक फाइलचं नाव वेगळं दिसतं. मिंट २२ उबुंटू २४.०४ वरच बांधलेलं आहे आणि २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. म्हणजे आतला पाया तोच, बसायची जागा माझ्या सवयीची.

टायपिंगचं सांगते कारण ते कुठेच नीट सापडलं नाही. कीबोर्ड सेटिंगमधून मराठी इन्स्क्रिप्ट घेतला आणि पहिला शब्द टाइप केला "दुसऱ्या", कारण त्यातला ऱ्य नीट आला नाही तर माझ्यासाठी सगळं व्यर्थ. शिफ्ट जे दाबून ऱ, मग हलन्त, मग य, आला! शिफ्ट एनवर ळ पण जिथल्या तिथे. बोटांना काहीही नवीन शिकायला लागलं नाही. एकच खटकलं, लिब्रे ऑफिसमधे (लिनक्सवरचं वर्डसारखं) ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. आपला ल आणि हिंदीतला ल वेगळा दिसतो, प्रूफ बघणाऱ्याच्या डोळ्याला ते लगेच टोचतं. नोटो सान्स देवनागरी फाँट घेतला, मजकूर सिलेक्ट करून त्याची भाषा हिंदीऐवजी मराठी केली, आणि स्क्रीनवरचा ल एकदम आपला झाला. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी आईला बोलावून दाखवलं.

इन्स्टॉल करायच्या आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवली, विंडोजमधूनच सी ड्राइव्ह कमी करून ८० जीबी जागा मोकळी केली आणि विंडोजच्या शेजारी मिंट टाकलं. विंडोज ठेवायचं कारण एकच, एका प्रेसच्या जुन्या फाइली युनिकोडमधे नाहीत, जुन्या डीटीपी फाँटमधे आहेत, त्या तिकडेच नीट उघडतात.

नंतर दोन गोष्टींनी घाबरवलं. डी ड्राइव्हवरची फाइल मिंटमधे उघडायची पण सेव्ह होईना. मला वाटलं डिस्क गेली. कारण निघालं विंडोजचं फास्ट स्टार्टअप, ते चालू असलं की शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, म्हणून लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहीत नाही. पॉवर ऑप्शनमधे जाऊन ते बंद केलं, सुटलं. दुसरं म्हणजे विंडोजमधे गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून आपल्याकडे फरक नेमका साडेपाच तासांचा. मिंटच्या टर्मिनलमधे (कमांड टाइप करायची खिडकी) sudo timedatectl set-local-rtc 1 ही एक ओळ दिली, तेव्हापासून दोन्हीकडे वेळ एकच.

मिंटमधलं टाइमशिफ्ट हे टूल मात्र पहिल्याच दिवशी चालू करा, सिस्टीमचा स्नॅपशॉट असला की अपडेटनंतर काही बिघडलं तर मागे जाता येतं. आपल्या स्वतःच्या फाइलींचा बॅकअप त्यात धरू नका, तो वेगळाच घ्यायचा.

आता चार महिने झाले, रोजचं काम सगळं मिंटवर, विंडोज महिन्यातून एखाद्या वेळी. शनिवारी वहिनीच्या लॅपटॉपला हीच पेनड्राइव्ह लावायची आहे. तिचं सगळं काम टॅलीचं आणि टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, त्यामुळे तिला मिंट टाक असं मी म्हणणार नाहीये, आधी वही घेऊन बसणार आहोत.