नोकरी की धंदा, पण दिवसभर करणार काय?

रील्स उघडल्या की कोणीतरी ओरडून सांगत असतंच, नोकरी म्हणजे गुलामी, स्वतःचा बॉस बन वगैरे. आणि घरचे म्हणतात महिन्याच्या महिन्याला पगार येतोय ना, मग कशाला नसते उद्योग. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघेही फक्त पैसा आणि मान यावर बोलतात, दिवसभर करायचं काय यावर कोणी बोलतच नाही.

म्हणजे बघा, डिझाइन आवडतं म्हणून एखाद्याने डिझाइनचा बिझनेस काढला तर सुरुवातीला तो डिझाइन करणार किती? कोटेशन पाठवा, पेमेंटसाठी क्लायंटच्या मागे लागा, माणसं शोधा, ती सोडून गेली की परत शोधा, टॅक्सचे कागद, आणि महिनाअखेरीला आधी त्यांचे पगार, उरलं तर आपलं. ज्याला या सगळ्यातच मजा येते तो खरा धंद्याचा माणूस, त्याचा नोकरीत जीव घुसमटणारच. पण नुसतं बॉसला वैतागून राजीनामा टाकलात तर एकाच्या जागी दहा बॉस येतात, त्यांना क्लायंट म्हणतात एवढंच.

ॲपलवाला स्टीव्ह वॉझनियाक घ्या. १९७६ मध्ये कंपनी सुरू झाली तरी हा ह्युलेट पॅकार्डमधली नोकरी सोडायला तयार नव्हता! शेवटी एका मित्राने समजावलं की तुला मॅनेजर व्हायची गरज नाही, इंजिनियर म्हणूनच राहा, तेव्हा कुठे गडी हलला. आणि जपानचे कोइची तनाका, शिमाझू कंपनीत पगारी इंजिनियर, पीएचडीसुद्धा नाही, २००२ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं तेव्हाही नोकरीतच होते, आणि लॅब सुटू नये म्हणून प्रमोशनच्या परीक्षाच टाळत आलेले. एक फाउंडर, एक नोकरदार, पण हट्ट दोघांचा एकच. यातला यशस्वी कोण ते तुम्हीच सांगा.

मी साइडला कामं घेऊन पाहिलीत. काम करताना मस्त वाटायचं पण पेमेंटसाठी फोन करायचा म्हटलं की पोटात गोळा, त्यामुळे सध्या तरी मी नोकरीतच बरा. ज्याला तो फोन करताना काहीच वाटत नाही त्याने खुशाल उडी मारावी, फक्त घरखर्चाचे पैसे वेगळे काढून, कारण अमेरिकेतल्या सरकारी आकडेवारीत नवे धंदे साधारण निम्मे पाच वर्षांत बंद पडलेले दिसतात, आणि रील्स बनवायला उरलेलेच येतात.