तुम्ही विचारलंत म्हणून: थोडी गाठ ठेवली कशाला?

दाजी, गेल्या दिवाळीत जेवताना सगळ्यांसमोर तुम्ही विचारलंत, जागेपणी डोकं उघडून घेतलंस मग मेंदूतली गाठ पूर्ण का नाही काढून घेतलीस? मी म्हटलं डॉक्टरांनी ठरवलं. मेडिकलच्या काउंटरवर पण लोक हेच विचारतात, गोळ्या घेता घेता. दीड वर्ष एकच उत्तर देतोय आणि ते अर्धंच खरं आहे.

लोकांना वाटतं एमआरआयमध्ये सगळं दिसतं. गाठ दिसते हो. बोलण्याची जागा तशी दिसत नाही, आणि ती प्रत्येकाची थोडी इकडेतिकडे असते. ओजेमन नावाचे मेंदूचे सर्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ११७ पेशंटच्या बोलण्याच्या जागांचे नकाशे मांडले तेव्हा त्या जागा इतक्या वेगवेगळ्या निघाल्या की पुस्तकातल्या चित्रावर भरवसा ठेवून कापणं धोक्याचंच. माझा फंक्शनल एमआरआय पण झाला होता, त्यात मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातला ऑक्सिजन बदलतो ते टिपतात. मशीनमध्ये पडून 'प'वरून शब्द मनात आणायचे होते. मला आठवलं काय, तर पॅरासिटामॉल, पँटोप्राझोल, प्रेगाबालिन. पाणी नाही, पाटी नाही, पोळी नाही. मी नंतर त्यांना सांगितलं, ते म्हणाले चालतं. मला अजून ते खटकतं. आणि त्यात जो भाग उजळतो तो कामात आहे एवढंच कळतं, तो काढला तर बोलणं जाईल का हे कळत नाही, म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर मेंदूला बारीक करंट देऊन, ती जागा तेवढ्यापुरती अडवून बघायचं.

आदल्या दिवशी स्पीच थेरपिस्ट मॅडमनी चित्रं दाखवून तयारी करून घेतली. कंगवा, छत्री, कुलूप. जे चित्र मला पटकन सांगता आलं नाही ते त्यांनी बाजूला काढलं, म्हणजे उद्या अडलो तर करंटनेच अडलो हे नक्की. चित्राआधी एक ठरलेलं वाक्य म्हणायचं असतं. इंग्रजीत सोपं आहे, पण मराठीत 'ही आहे' म्हणायचं तर छत्री आधीच सापडलेली पाहिजे, हा-ही-हे ठरवायला शब्द लागतोच. म्हणून आम्ही 'चित्रात आहे' असं ठरवलं. वाक्यच बंद पडलं तर बोलण्याची हालचाल अडली, वाक्य आलं आणि नाव आलं नाही तर शब्द अडला.

मेंदूला स्वतःला दुखत नाही, कातडीला आणि आवरणाला दुखतं, तिथे भूल देतात. आधी झोपवलं होतं, मग उठवलं. डोकं क्लॅम्पमध्ये, तोंडासमोर चित्रं, मॅडम माझ्याकडे बघत. फिट आली तर मेंदूवर ओतायला बर्फासारखं गार पाणी तयार होतं, ते मला आधीच सांगितलेलं. पंधरा-वीस चित्रं धडाधड गेली. मग छत्री आली. चित्रात आहे, म्हटलं मी, आणि पुढे काहीच नाही. मला माहीत होतं ते काय आहे, पाऊस आला की उघडतात, शाळेत माझी हरवली होती, आईने मारलं होतं, सगळं होतं, फक्त नाव ठेवलेल्या जागी नव्हतं. करंट काढला आणि नाव आलं, जसं कधी गेलंच नव्हतं. मध्ये दुसऱ्या जागा बघून पुन्हा तिथेच लावला, कुलूप गेलं. तिसऱ्यांदा पण गेलं. त्यांनी तिथे नंबरची चिठ्ठी ठेवली.

मग गाठ काढायला सुरुवात, मी बोलतोच आहे. बऱ्याच वेळाने शब्द पुन्हा घसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, जवळ आलोय. आणि मी म्हणालो, बास, राहू दे ते.

हे घरात कोणाला माहीत नाही. ऑपरेशनच्या आधी मीच डॉक्टरांना म्हणालो होतो, शब्द गेले तरी चालतील, सगळी काढा, पोरगी दहावीत आहे. तेव्हाचा मी, तो माणूस, खोटं बोलत नव्हता. पण त्याने छत्री शोधली नव्हती. नंतर डॉक्टर म्हणाले की तुम्ही बोलला नसता तरी मी तिथेच थांबणार होतो, शब्दाच्या जागेपासून साधारण सेंटीमीटरभर लांब राहतात म्हणे. खरंच असेल. माझं समाधान करायला म्हणाले असतील का, हे मी विचारलं नाही.

मी वाचलंय भरपूर. २०१२ मध्ये ९० अभ्यास आणि ८,०९१ पेशंट एकत्र करून बघितलं, असं मॅपिंग, म्हणजे करंट देऊन जागा शोधून, काढलेल्यांत कायमचा गंभीर दोष ३.४ टक्के, न करता काढलेल्यांत ८.२, आणि मॅपिंग केलेल्यांत गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाणही जास्तच होतं. म्हणजे पद्धत बरोबर आहे, त्यावर माझ्याशी वाद घालू नका. पण माझी राहिलेली गाठ त्या टक्क्यांत नाही, ती माझ्या डोक्यात आहे, आणि अशा गाठी पुढे वाढतात हे मला कोणी सांगायची गरज नाही, स्वतःची फिटची गोळी मीच रॅकवरून काढतो. कधी वाटतं बरं केलं, आज काउंटरवर उभा आहे. रात्री पोरगी अभ्यास करताना दिसली की वाटतं हिच्यासाठी गप्प बसायला हवं होतं.

ताईला अजून सांगू नका, तिला मी येऊन सांगेन. पुढचा स्कॅन गणपतीनंतर आहे. फोन करायचा असेल तर रात्री साडेनऊनंतर करा, दुकान बंद झाल्यावर.