ब्रॅम्लीचा मेथांबा : आमची वाटचाल

आमचा मेथांबा ज्या सफरचंदाचा होतो, ते ब्रॅम्ली कच्चं कुणी खात नाही. एका फोडीत दात आंबतात. आम्हाला नेमकं तेच हवं होतं. इथे इंग्लंडात, नॉटिंगहॅमला कैरी मिळते, पण तिच्या भावात बरणी विकणं परवडत नाही.

ब्रॅम्ली मात्र इथलंच. जवळच्या साउथवेल गावात १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीनं बिया रुजवल्या, त्यातलं पहिलं झाड. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकानं विकत घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर कलमासाठी काड्या मागायला आला, तेव्हा ब्रॅम्लीची अट एकच : फळाला नाव माझं. बी लावणारीच्या वाट्याला काही आलं नाही, याचा मला अजून राग येतो.

फळ मोठं, बसकं, हिरवं, कधी लालसर पट्ट्यांचं. साठवलं की साल तेलकट लागते. शिजवायला घेतलं की आचेवर बघता बघता विरघळून फेसाळ लगदा होतो. ‘पाय’ या फळं भरून भाजलेल्या इंग्रजी पदार्थाला तो गुण, मेथांब्याला अडचण. कैरीच्या फोडी आधी शिजवून मग गूळ घालायची आईची रीत इथे चालेना. म्हणून आम्ही मोहरी-मेथी-हिंगाच्या फोडणीवर आधी गुळाचा पाक करतो आणि मोठ्या फोडी शेवटी टाकतो. पाकात त्या तग धरतात; कडा विरघळतात, त्यानंच रस दाट होतो. चिरलेल्या फोडी लगेच काळ्या पडतात, त्यामुळे तोवर मिठाच्या पाण्यात.

साठवणीत आंबटपणा उतरतो. ऑक्टोबरच्या फळाला जितका गूळ, तितका मार्चच्या फळाला घातला तर नुसता गोडमिट्ट प्रकार होतो. प्रत्येक घाणा चाखूनच.

सुरुवात मराठी मंडळींच्या गणपतीत झाली, आता शनिवारच्या बाजारात गोरे गिऱ्हाईक जास्त. ते चेडर चीजबरोबर खातात. सासूबाईंना ते बघवत नाही, मला आवडतं.

या झाडाचे परागकण कुचकामी, त्यामुळे बागेत दुसऱ्या जातींची झाडंही लागतात. शिवाय एक वर्ष लदलेलं, तर पुढचं हलकं. आम्ही मोठ्या दुकानांची मागणी घेत नाही, ती यामुळेच. बागवान देईल तेवढ्याच बरण्या भरतो.