भावासाठी खोली

माझा धाकटा भाऊ पाच वर्षं येरवड्यात होता. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, कलम १०. गुन्हा त्यानं केला होता. मुलगी आमच्याच गल्लीतली, तेव्हा नऊ वर्षांची. हे आधीच सांगते, म्हणजे मी त्याची बाजू घेतेय असं कुणाला वाटायला नको.

सुटला त्या दिवशी एसटी स्टँडवर मीच गेले, पण त्याला घरी आणलं नाही. मला अकरा वर्षांची मुलगी आहे. त्यानंही विचारलं नाही. जुन्या गल्लीत जायचा तर प्रश्नच नाही. ती मुलगी अजून तिथंच राहते. त्याला बघून तिनं का वाट बदलायची?

तेव्हापासून सोलापुरात खोली शोधतेय. गणवेशाच्या कारखान्यात हिशेब बघते. संध्याकाळी सुटले की स्कूटी काढायची. शेळगी, अक्कलकोट रोड, विजापूर रोड. एकटा पुरुष म्हटलं की निम्मे घरमालक तिथंच नाही म्हणतात. उरलेल्यांना मी खरं सांगते. शेळगीत एका मावशींनी दहा हजार डिपॉझिट घेतलंसुद्धा होतं. पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरूचा फॉर्म भरताना मी सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, आत गेल्या आणि पाचशेच्या वीस नोटा माझ्या हातात मोजून दिल्या. मला राग आला नाही. ओसरीवर त्यांच्या नातीची तीनचाकी सायकल होती.

आपल्याकडे २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे, पण ती फक्त पोलिसांना बघता येते. अमेरिकेत यादी सगळ्यांना खुली असते. मायामीत तर शाळेपासून २,५०० फुटांच्या आत राहायचं नाही असा नियम झाला, आणि माणसं खाडीवरच्या पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली. बरं झालं, असं कुणी म्हणेल. मी पण एकेकाळी म्हटलं असतं. पण ज्याला पत्ताच नाही, त्याच्यावर नजर ठेवायची कुणी आणि कुठं जाऊन?

सध्या तो जिथं माग चालवतो तिथंच टॉवेलच्या गठ्ठ्यांशेजारी झोपतो. मालकाला सगळं माहीत आहे. दिवाळीपर्यंत राहा म्हणालेत.

रविवारी एमआयडीसीत गोडाऊनमागची एक खोली बघितली. आजूबाजूला घरं नाहीत, शाळा नाही. मालक सगळं ऐकूनही तयार झाले, फक्त आधारवर सोलापुरातला चालू पत्ता हवा म्हणाले. त्याच्या आधारवर जुन्या गल्लीचाच पत्ता आहे. तो बदलायला गेलो तर नव्या खोलीचा भाडेकरार मागितला.