हे निळं फुलपाखरू कोणतं?

पाऊस ओसरला, गोव्यात डिचोलीकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवर, गवत उभं राहिलं, की फोन सुरू होतात. "हे निळं कोणतं हो?" सोबत फोटो: नखाएवढं फुलपाखरू, पंख पसरलेले. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

निळ्यावर जाऊ नका. तो रंगद्रव्याचा रंगच नव्हे. खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परततो म्हणून निळा दिसतो, आणि कोन बदलला की छटा बदलते. शिवाय ग्रास ब्लूच्या, म्हणजे गवतातल्या या छोट्या निळ्या फुलपाखरांच्या, माद्या वरून बहुतेक तपकिरीच. खरी ओळख पंखांच्या खालच्या बाजूला असते, म्हणून ते पंख मिटून बसेपर्यंत थांबा. गुडघे मातीत टेकावे लागतात, त्याला इलाज नाही.

मागच्या पंखाला दोऱ्यासारखी शेपटी दिसली तर ग्रास ब्लू बाद. चवळीच्या वेलाभोवती असेल तर बहुधा पी ब्लू किंवा ग्राम ब्लू. पी ब्लूच्या मागच्या पंखावर खालून रुंद पांढरा पट्टा असतो.

शेपटी नसेल तर पुढच्या पंखावर नजर ठेवा. मध्यावर एक बारीक आडवी रेघ असते. तिच्या अलीकडे, अंगाच्या बाजूला, एक सुटा ठिपका आहे का? असेल तर पेल किंवा डार्क ग्रास ब्लू. नसेल तर लेसर किंवा टायनी ग्रास ब्लू. टायनीच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला जादा ठिपका असतो. लेसरच्या मागच्या पंखावर ठिपक्यांची कमान असते, तिच्यातला वरून दुसरा ठिपका रांग मोडून आत सरकलेला. हा सरकलेला ठिपका एकदा डोळ्यांत बसला की चुकत नाही.

पेल आणि डार्क मात्र छळतात. पेलचा नर वरून रुपेरी फिकट निळा, डार्कचा गडद, जांभळट. पण उन्हाळ्यात पेलचे खालचे ठिपके इतके पुसट होतात की भिंग घेऊनही डोकं खाजवावं लागतं. पेलच्या अळ्या आंबुशीवर वाढतात, म्हणून मादी आंबुशीच्या पानावर पोट वाकवून अंडं घालताना सापडली, तर मी पेल म्हणायला धजावतो. नुसती आंबुशीवर बसलेली असेल तर नाही. बसायला कुठलंही पान चालतं.

तेव्हा फोटो मिटलेल्या पंखांचा पाठवा, जमल्यास दोन-तीन. फक्त वरून काढलेल्याला माझं उत्तर 'ग्रास ब्लू' एवढंच येईल, मोबाईलमधलं ॲप पुढचं नाव कितीही छातीठोकपणे सांगो.