पाऊण पुस्तकानंतरची ताटातूट

आज एक नवी प्रेमकादंबरी वाचून संपवली आणि पुन्हा तीच खंत. सुरुवात सुरेख, संवाद चटपटीत, आणि पाऊण पुस्तक झाल्यावर ठरल्यासारखी ताटातूट.

या वळणाला माझा विरोध नाही. पण दुराव्याचं कारण पहिल्या पन्नासेक पानांत पेरलेलं असेल तरच ते टिकतं. अर्धवट ऐकलेलं बोलणं, न पोचलेला मेसेज ही कारणं एका फोननं मिटतात, मग उरलेली पानं वाचक फक्त त्या फोनची वाट बघत उलटतो. एमिली हेन्रीच्या 'बुक लव्हर्स'मध्ये (२०२२) नोराचं सगळं काम न्यूयॉर्कमध्ये, तर चार्लीला आईवडिलांसाठी गावात राहायचंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून ते दुखतं!

आणि ते 'एक प्रकरण तिचं, एक त्याचं'! प्रकरणावरचं नाव झाकून मधलंच पान वाचा. चार-पाच ओळींत कोण बोलतंय ते कळलं नाही, तर दोन निवेदकांची गरजच नव्हती. शिवाय दोघांच्याही मनातलं आधीच कळल्यावर हुरहुर कसली उरणार? त्याच लेखिकेची 'बीच रीड' (२०२०) फक्त नायिका जॅन्युअरी सांगते, त्यामुळे गसच्या मनात काय आहे हे तिच्याइतकंच आपल्यालाही ताडावं लागतं.

लग्न-बाळ उरकणारे उपसंहार मात्र मी हल्ली सरळ सोडून देते.