गोठ्यातली प्लेट

मुदत संपलेल्या पेट्री प्लेट, म्हणजे जंतू वाढवायच्या झाकणाच्या बशा, आमच्या लॅबमध्ये अधूनमधून फेकायला निघतात. मागच्या श्रावणात त्यातल्या दोन मी पिशवीत घालून गावी नेल्या. हेतू काही फार शास्त्रीय नव्हता. अण्णांना घाबरवायचं होतं. ओला झालेला, बुरसलेला कडबा ते स्वतः झाडतात, सत्तरी ओलांडली तरी. बैल विका म्हणून मी दोन वर्षं भांडत होते आणि ते ऐकत नव्हते.

एक प्लेट देवघरात दहा मिनिटं उघडी ठेवली, दुसरी गोठ्यात. मग झाकणं लावली, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि फडताळात ठेवून दिल्या. चौथ्या दिवशी देवघरातल्या प्लेटवर पाच ठिपके होते. गोठ्यातल्या प्लेटवर मोजायला जागाच नव्हती. राखाडी-हिरवी मखमल, मध्ये मध्ये काळी पूड, एका कडेला कापसासारखा पुंजका.

अण्णांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"म्हंजे एवढं रोज माझ्या छातीत जातंय?"

"जातंय."

"मंग मी जिता कसा?"

एकोणीस वर्षं मी लॅबमध्ये बुरशीच्या स्लाइड बघतेय, पण कुणी प्रश्न असा सरळ विचारला नव्हता. पेशंट विचारतात, बुरशी झाली कशी. खरं कोडं उलटं आहे.

ती राखाडी-हिरवी म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस. अ‍ॅस्परजिलस हे नाव १७२९ साली मिकेली नावाच्या इटालियन धर्मगुरूनं दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला ती चर्चमध्ये तीर्थ शिंपडायच्या दांड्यासारखी दिसली. आमच्या गुरुजींनी बघितली असती तर दर्भाची जुडी म्हणाले असते. हिचा एकेक बीजाणू, म्हणजे हिचं बी, दोन-तीन मायक्रोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरात चारेकशे ओळीनं बसतील. उकिरड्यात हात घातला तर चटका बसतो, तिथं ही सुखानं वाढते, तर आपल्या अंगाच्या सदतीस अंशांचं तिला काय? गोठ्यात न जाणारा माणूसही दिवसाला असे शेकडो बीजाणू श्वासातून आत घेतो.

बरेचसे वाटेतच अडकतात. श्वासनळीला आतून चिकट थर असतो, त्याखालचे बारीक केस तो सतत वर लोटत राहतात, आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. उरलेले थेट वायुकोशात पोचतात. तिथं भक्षक पेशी फिरत असतात. मी त्यांना झाडूवाल्या म्हणते.

पण कोरड्या बीजाणूवर प्रथिनाचा एक रेनकोट असतो आणि तो असेपर्यंत या झाडूवाल्या त्याच्यावरून गेल्या तरी फारशा चवताळत नाहीत. मला वाटतं हे आपल्या भल्याचंच आहे. प्रत्येक श्वासाला फुप्फुस सुजायला लागलं असतं तर? बीजाणू ओल पिऊन फुगला की रेनकोट फाटतो आणि खालची ग्लुकन नावाची साखर उघडी पडते. भक्षक पेशीवर डेक्टिन-१ नावाची कडी असते, ती बरोबर याच साखरेत अडकते. मग गिळणं, आम्ल, पाचकरस, खेळ खलास. म्हणजे बीजाणू निपचित पडून होता तोवर चाललं, रुजायचा विचार केला की पकडला गेला.

त्यातूनही एखादा रुजलाच तर त्याला तंतू फुटतो. तंतू लांब, झाडूवालीच्या तोंडात मावत नाही. मग रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. त्या तंतूला वेढा घालतात, त्याच्यावर जहाल ऑक्सिजन-रसायनं ओततात, काही तर स्वतःचाच डीएनए जाळ्यासारखा त्याच्यावर टाकून मरतात. काही मुलं जन्मतःच ही रसायनं बनवू शकत नाहीत. त्यांच्या न्यूट्रोफिल येतात, गर्दी करतात, पण हातात हत्यार नसतं. अशा मुलांना सगळ्यात मोठी भीती याच बुरशीची.

लॅबच्या कपाटाला आतून मी एक फोटो चिकटवलाय. १९९६ साली स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेनं टोल नावाचं जनुक बिघडलेल्या फळमाश्यांना ही बुरशी टोचली. चांगल्या माश्यांपैकी बऱ्याच तगल्या, या मेल्या. फोटोतल्या मेलेल्या माशीच्या अंगावर तंतूंचं रान माजलंय. पुढं टोलसारखे पहारेकरी आपल्यातही सापडले आणि २०११ चं नोबेल हॉफमन यांना विभागून मिळालं. नवीन मुलं कामाला लागली की मी आधी ती माशी दाखवते.

एक स्लाइड मात्र मी कुणाला दाखवत नाही, डोक्यातच आहे. रक्ताच्या कॅन्सरचा तरुण पेशंट, केमो चालू, पांढऱ्या पेशी २००. एरवी चार हजारांच्या वर असतात. बेडक्यात बुरशी आहे का बघायला आम्ही केओएच नावाचा क्षार लावतो, पण त्यात पेशी विरघळून जातात, म्हणून मी मुद्दाम ग्राम नावाचा रंगही लावला. तंतू स्पष्ट होते, पडदे असलेले, पुढं जाऊन दुबेळक्यासारखे फाटणारे. आणि आजूबाजूला काही नव्हतं. एरवी अशा तंतूंभोवती पू-पेशींचा गराडा असतो. इथं बुरशी मोकळ्या माळावर उभी होती. त्यानं कडब्याला कधी हात लावला नसेल. त्याला देवघरातले पाच ठिपकेही पुरेसे होते.

२०२१ च्या मे-जूनमध्ये म्यूकर, म्हणजे लोकांची 'काळी बुरशी', आली तेव्हाही हेच. ती वेगळी बुरशी, तंतू रुंद, पट्टीसारखे, काटकोनात फाटणारे, आणि तेव्हा छातीपेक्षा नाका-डोळ्यांतच जास्त. हवेत ती आधीपासून होतीच. वाढलेली साखर आणि जास्त दिवस घेतलेलं स्टिरॉइड यांनी पहारा गाढ झोपवला होता. उलट माझी नणंद. तिला जुना दमा. तिच्या छातीत हीच अ‍ॅस्परजिलस नुसती येऊन बसली तरी शरीर एवढा गोंधळ घालतं की बुरशीपेक्षा गोंधळानंच श्वासनळ्या खराब होतात. आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीचं प्रतिपिंड, हजाराच्या वर. आणि तिला औषध कोणतं? स्टिरॉइड! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाच हसू आलं होतं.

आता अण्णांचं. १९९४ मध्ये त्यांना टीबी झाला, इंजेक्शनं-गोळ्या पूर्ण केल्या, बरे झाले, पण उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला खड्डा राहिला. दोन वर्षांपूर्वी बेडक्यातून रक्त आलं. सगळे म्हणाले, टीबी उलटला. सीबीनॅट ही टीबीची तपासणी निगेटिव्ह. सीटीमध्ये खड्ड्यात एक गोळा दिसला, पालथं झोपवून पुन्हा काढला तर गोळा खाली घरंगळलेला. बुरशीचे तंतू, मेलेल्या पेशी, शेंबूड यांचं गाठोडं. अ‍ॅस्परजिलसची आयजीजी (त्या बुरशीविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आली.

खड्ड्याच्या पोकळीत रक्तवाहिनी नसते. न्यूट्रोफिल रक्तातून येतात, भिंतीपर्यंत पोचतात, पुढं त्यांना वाट नाही. केसही तिथं हलत नाहीत, त्यामुळे कचरा बाहेर पडत नाही.

हे मी अण्णांना आपल्या वाड्याचं उदाहरण देऊन सांगितलं. सगळ्या वाड्यात राखण आहे, रोज झाडलोट आहे, म्हणून तुम्ही जिते. फक्त मागची ती पडकी खोली, जिथं कुणी पाय ठेवत नाही, तिथं वाघळं राहतात. आणि बाकी वाडा जागा आहे म्हणूनच ती वाघळं त्या खोलीबाहेर येत नाहीत.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग देवघरातली प्लेट उचलून माझ्यापुढं धरली. "बैल विकतो. पण ह्ये पाच? देव बी विकू का?"

वादात ते जिंकले. त्या खोलीत बी कधीच पडलेलं आहे, आज कडबा सोडला म्हणून गोळा जाणार नाही. पण नवीन भर कशाला घालायची, एवढं मी रेटलं. इट्राकोनॅझोल हे बुरशीचं औषध चालू आहे, भरल्या पोटी. जेवणानंतर अ‍ॅसिडिटीची पूड खायची त्यांची जुनी सवय डॉक्टरांनी मोडली, कारण पोटात आम्ल नसेल तर ती कॅप्सूल नीट विरघळत नाही. यावरून मात्र ते माझ्यापेक्षा डॉक्टरांवर जास्त चिडलेत. रक्त सध्या बंद आहे.

दोन्ही प्लेट मी परत आणून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात, टाकल्या. बैल आहेत. कडबा आता गडी झाडतो आणि अण्णा वाऱ्याच्या वरच्या अंगाला बाज टाकून तिथून त्याच्या चुका काढतात. गड्याला मी एक चांगला मास्क दिलाय. तो गोठ्यातल्या खुंटीला लटकतोय.